व्हेपचा फ्लेवर बदलताना टँक, रिंगा आणि कॉइल कसे साफ करायचे

व्हेपचा, म्हणजे ई-सिगरेटचा, लिक्विड भरायचा टँक दोनदा साबणाने धुतला, काच चकाचक केली, नवीन आंब्याचं लिक्विड भरलं आणि पहिल्याच पफला तोंडात बडीशेप. माझं हे झालंय, आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांचं झालंय, मग वैतागून लोक अख्खा टँक फेकून नवीन आणतात, ज्याची खरंच काही गरज नसते. वास काचेत बसतच नाही, तो बसतो कॉइलच्या, म्हणजे लिक्विड तापवून वाफ करणाऱ्या तारेच्या, कापसात आणि टँकच्या त्या बारीक रबरी रिंगांमध्ये. आपला कुकर बघा ना, भांडं कितीही घासा, रिंग हुंगली की कालच्या आमटीचा वास येतोच.

पुढचं सांगायच्या आधी एक. मी इंग्लंडमध्ये राहतो, इथे १८ वर्षांच्या वर हे कायदेशीर आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे, त्यामुळे सुट्टीला घरी जाताना हे सामान बॅगेत टाकू नका, कुणासाठी घेऊन तर अजिबात जाऊ नका. आणि ज्यांनी कधी सिगरेट ओढलेली नाही त्यांनी फ्लेवर छान असतात म्हणून याच्या नादी लागू नये, हे मी अगदी मनापासून सांगतोय. माझी सिगरेट यामुळे सुटली म्हणून मी हे वापरतो, निकोटिनची सवय मात्र याच्यातही राहतेच.

तर कामाला लागू. आधी मशीन बंद करा, टँक काढून घ्या, बॅटरीवाला भाग दुसऱ्या खोलीत ठेवला तरी चालेल कारण त्याला पाणी लागता कामा नये. उरलेलं लिक्विड टिश्यूवर काढा आणि हातमोजे घाला, कारण निकोटिन कातडीतूनही आत जातं. घरात लहान मुलं असतील तर हे काम ती झोपल्यावर करा. बाटली झाकण लावून वर ठेवा, भरलेला टिश्यू लगेच बांधून टाका, लहान मुलाच्या पोटात थोडंसं लिक्विड गेलं तरी ते विषच आहे.

आता टँक पूर्ण उघडा, पूर्ण म्हणजे पूर्ण. वरची ड्रिप टिप म्हणजे तोंडात धरायचा भाग, वरचं झाकण, काच, खालचा बेस, हवेची फिरणारी रिंग, आणि मग सगळ्या रबरी ओ-रिंगा. लोक इथेच आळस करतात, रिंगा जागच्या जागी ठेवून धुतात. रिंग काढायला सुई वापरू नका, फाटते, लाकडी टूथपिकने हळूच उचलली की निघते. कुठली रिंग कुठली ते कळावं म्हणून काढायच्या आधी फोनवर एक फोटो काढा, कारण दोन रिंगा दिसायला सारख्या असतात आणि अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने रात्रभर गळती लागते.

काच आणि धातूचे भाग कोमट पाण्यात डिशवॉशचा एक थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं बुडवा. लिक्विडमधले मुख्य घटक, पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल) आणि व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन), दोन्ही पाण्यात विरघळतात, त्यामुळे घासाघाशीची गरज नाही, बेसच्या आट्यांना आणि हवेच्या भोकांना जुना मऊ टूथब्रश पुरतो. उकळतं पाणी ओतू नका, गार काच तडकते. प्लॅस्टिकचा टँक असेल तर त्याला स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलही लावू नका, त्याने बारीक चिरा पडतात. तसंच दालचिनी, लिंबू-संत्रं, बडीशेप असले फ्लेवर काही प्लॅस्टिकला मुळातच सोसत नाहीत, माझा एक टँक दालचिनीच्या लिक्विडने आठवड्यात धूसर झाला आणि मग सांध्यावर तडकला, तेव्हापासून असे फ्लेवर मी काचेतच भरतो.

साबण गेला की नाही हे बोटाने कळतं, काच बोटाखाली करकर वाजली पाहिजे, बुळबुळीत लागली तर अजून धुवा. लंडन आणि दक्षिण-पूर्वेकडे राहत असाल तर नळाचं पाणी जड असतं, किटलीत पांढरा थर बसतो ना तेच, म्हणून शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड पाण्याने करा, नाहीतर काचेवर डाग राहतात.

रिंगांचं वेगळं. कोमट पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून तासभर ठेवल्या तर थोडा फरक पडतो, पण पुदिना, मेंथॉल, बडीशेप हे वास रबरात एकदा मुरले की पूर्ण जात नाहीत, हे मी बऱ्याचदा करून बघितलंय. टँकच्या खोक्यात जास्तीच्या रिंगांची छोटी पिशवी येते, ती बहुतेक जण खोक्यासकट फेकून देतात, ती जपून ठेवा. मेंथॉलसाठी एक सेट आणि बाकीच्यांसाठी एक सेट, एवढं केलं तरी निम्मा त्रास संपतो.

आता वाळवणं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. लोणच्याची बरणी आपण कशी धुऊन, पुसून, उन्हात ठेवून कोरडी ठक्क करतो आणि मगच लोणचं भरतो, तितक्याच काळजीने हे करायचं. सगळे भाग झटकून सुती फडक्यावर पसरा आणि किमान रात्रभर ठेवा. थंडीत मी रेडिएटरच्या जवळ ठेवतो, वर नाही, रबर कडक होतं. बेसच्या आत, जिथे मशीनला जोडायची पिन असते तिथे पाण्याचा थेंब अडकून बसतो, वरून दिसत नाही, म्हणून टिश्यूचा कोपरा पिळून आत फिरवून बघा, ओला निघाला तर अजून वेळ द्या. मशीनच्या बाजूचा सॉकेट मात्र कोरड्या इअरबडने नुसता पुसायचा.

कॉइलबद्दल मी जरा ठामपणे बोलतो. तयार कॉइल धुऊन परत वापरा, गरम पाण्यात भिजवा, व्हिनेगरमध्ये ठेवा, असं खूप जण सांगतात. आत कापूस आहे हो. त्यात जुना फ्लेवर मुरलेला असतो आणि तारेवर गोडव्याचा जळका काळा थर असतो, सुक्रालोज या कृत्रिम साखरेची गोड लिक्विडं हा थर फार लवकर बसवतात. पाण्याने कापसातलं लिक्विड थोडंफार निघतं, थर जात नाही, आणि आतला कापूस दोन-दोन दिवस ओला राहतो, ओल्यावर बटण दाबलं की ते तडतडतं आणि चव पाण्यासारखी लागते. म्हणून धुवायचीच तर फक्त दोन-तीन दिवस वापरलेली, आतून अजून पांढरट-पिवळट दिसणारी कॉइल धुवा, कोमट पाण्यात खळबळून, टिश्यूवर आपटून, दोन दिवस सुकवून. काळी झालेली असेल तर सोडून द्या. जळका कापूस ओढून पैसे वाचवण्यात काहीच अर्थ नाही.

त्यापेक्षा मी करतो ते सोपं आहे, फ्लेवरच्या घराण्याप्रमाणे कॉइल वेगळी. फळांची एक, कस्टर्ड-कॉफीची एक, मेंथॉलची एक. बदलताना चालू कॉइल काढून टिश्यूवर उलटी ठेवून निथळवायची, मग छोट्या डबीत घालून वर फ्लेवर आणि तारीख लिहायची, आणि आठवड्याभरात परत वापरायची, जास्त दिवस ठेवायची नाही. आणि एकाच कॉइलवर फ्लेवर बदलायचाच असेल तर हलक्याकडून जडाकडे जा, कलिंगडानंतर आंबा चालतो, आंब्यानंतर कॉफी चालते, पण मेंथॉलनंतर कलिंगड भरलंत तर ते मेंथॉलच लागणार. इथे टँक २ मिलीपेक्षा मोठा विकायला परवानगी नाही, म्हणजे एक-दीड टँक संपेपर्यंत जुनी चव धरून चाला.

स्वतः तार गुंडाळून कापूस घालणाऱ्यांचं काम सोपं असतं. जुना कापूस ओढून काढा, कमी वॅटवर बटण थोडं-थोडं दाबून तार लाल होऊ द्या, थर जळून राख होतो, तार पूर्ण गार झाली की ब्रशने झाडा, पाण्यात खळबळा, वाळवा, नवा कापूस घाला. खिडकी उघडी ठेवा, तो धूर ओढू नका. हे फक्त कँथल, नायक्रोम किंवा स्टीलच्या तारेवर करायचं, निकेल आणि टायटॅनियमच्या तारा अशा लाल करायच्या नाहीत.

पॉडवाल्या मशीनमध्ये, म्हणजे टँकऐवजी लिक्विडचा छोटा डबा बसवायच्या मशीनमध्ये, कॉइल पॉडमध्येच बंद असेल तर धुण्याच्या फंदात पडू नका, तोंडाकडचा भाग आणि खालचे दोन धातूचे ठिपके कोरड्या इअरबडने पुसा आणि फ्लेवरला एक पॉड ठेवा. कॉइल निघत असेल तर ती काढून रिकामा पॉड धुता येतो.

जोडताना रिंगांना नव्या लिक्विडचं बोट लावा, घासून बसत नाहीत आणि फाटत नाहीत. नव्या कॉइलच्या बाजूच्या भोकांतून दिसणाऱ्या कापसावर दोन-दोन थेंब आणि वरून आत तीन-चार थेंब टाका, टँक भरा आणि दहा मिनिटं तसाच उभा ठेवा. घाई करू नका, कोरडा कापूस एकदा जळला की ती कॉइल गेली, करपलेला वास शेवटपर्यंत राहतो. सुरुवात कॉइलवर लिहिलेल्या सगळ्यात कमी वॅटने करा आणि हळूहळू वर जा.

१ जून २०२५ पासून इथे एकदाच वापरायची व्हेप विकायला बंदी आलीये, आणि सरकारने जाहीर केल्याप्रमाणे १ ऑक्टोबर २०२६ पासून १० मिलीच्या बाटलीवर २ पौंड २० पेन्स कर लागणार आहे, तेव्हा आहे ते सामान नीट सांभाळलेलं बरं. टाकून द्यायच्या कॉइल, पॉड आणि मशीन घरच्या कचऱ्यात घालू नका, बॅटरी दाबली गेली की कचऱ्याच्या ट्रकला आग लागू शकते. व्हेप विकणाऱ्या दुकानांनी जुनं सामान परत घेणं इथे बंधनकारक आहे, मी एका जुन्या जॅमच्या बाटलीत साठवतो आणि लिक्विड आणायला गेलो की तिथेच रिकामी करून येतो.