रात्री डायपर कडेने गळतो? आमच्याकडे हे लागू पडलं

मुलगा 9 वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसतो), कुशीवरच झोपतो. पहाटे डायपर निम्मा कोरडा आणि गादी ओली! मोठा साइज घेतला, तर मांडीशी फट पडून जास्तच गळलं. संध्याकाळपासून पाणी तोडलं, तर शौचाला खडा होऊ लागला. अक्षरशः वैताग आला होता.

मूळ बद्धकोष्ठतेत होतं. भरलेलं मलाशय मूत्राशयावर दाब देतं. डॉक्टरांनी वजनानुसार पॉलिइथिलीन ग्लायकॉलची (शौच मऊ करणारी) पावडर दिली. पोट साफ राहू लागल्यावर रात्रीची लघवीच कमी झाली. पाणी आता भरपूर, पण बहुतेक सकाळी-दुपारी.

उरलेल्या गळतीसाठी रोजचा क्रम: झोपण्याआधी लघवीला बसवायचं. मापाचाच डायपर, आत बूस्टर पॅड (डायपरमध्ये ठेवायचा जादा शोषक पॅड). पॅडला खाली प्लास्टिक नको, नाहीतर लघवी डायपरपर्यंत झिरपतच नाही (दुकानदार हे सांगत नाहीत). शिश्न खाली वळवायचं, डायपरच्या मांडीकडच्या झालरी बोटाने बाहेर काढायच्या. कुशीवर वळवल्यावर फट पुन्हा बघायची. गादीवर रबरी शीट, चादर, परत रबरी शीट, चादर. रात्री वरची जोडी ओढून काढली की काम झालं.

जळजळ, ताप असेल किंवा लघवी अचानक वाढली, तर आधी लघवीची तपासणी करून घ्या.