जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बदलताय? या चुका टाळा

दुकानात जाऊन “एक टीबीची द्या” म्हणणं सोपं असतं. त्याआधी घरी कॅबिनेट उघडून केबल बघा. ४० पिनांची रुंद, चपटी पट्टी असेल तर आयडीई, म्हणजे डिस्क जोडायची जुनी पद्धत. बारीक, ७ पिनांची असेल तर साटा, म्हणजे त्यानंतरची पद्धत. २००३-०५ च्या कित्येक मदरबोर्डवर दोन्ही सोयी असतात. साटाची जागा रिकामी असेल तर तीच वापरा. आयडीईवरच राहायचं असेल तर जम्पर, म्हणजे डिस्कच्या मागच्या पिनांवर बसणारी छोटी टोपी, तपासा. एका केबलवरची एक डिस्क ‘मास्टर’ (पहिली), दुसरी ‘स्लेव्ह’ (दुसरी) हे तोच ठरवतो. एका केबलवरच्या दोन्ही डिस्क ‘मास्टर’ ठेवल्या की बायोसला (कॉम्प्युटर सुरू होताना आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला) एकच दिसते, कधी एकही नाही. जम्परची आकृती बहुतेक वेळा डिस्कच्या लेबलवरच असते, पण ती न बघता डिस्कलाच दोष देणारे बरेच.

साटा म्हणजे कुठलीही चालते, हेही पूर्ण खरं नाही. सेकंदाला ६ गिगाबिट वेगाची डिस्क १.५ गिगाबिटच्या जुन्या बोर्डावर वेग उतरवून चालायला हवी, आणि सहसा चालते. व्हीआयए कंपनीच्या व्हीटी८२३७ आणि व्हीटी८२३७आर या चिप मात्र इथे अडतात. वेग कमी करून घेण्याचा मेळच बसत नाही आणि डिस्क दिसत नाही. ३ गिगाबिटच्या काळातल्या अनेक डिस्कना वेग १.५ वर बांधणारा जम्पर असे. आजच्या एसएसडीला (तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला) तो नसतो. म्हणून बोर्डावरच्या चिपचं नाव वाचा, मग पैसे द्या.

जास्त जीबी म्हणजे जास्त फायदा, हा मोहही आवरा. जुनं बायोस किंवा सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टच्या सुधारणांचा संच) नसलेलं विंडोज एक्सपी १३७ जीबीच्या पुढचं ओळखत नाही. दुसरी भिंत सुमारे २.२ टीबीवर: त्याहून मोठ्या डिस्कचे भाग नोंदवायला लागणारी जीपीटी ही पद्धत ३२ बिटच्या एक्सपीला वाचता येत नाही. ३ टीबीची डिस्क ७४६ जीबीच दिसली तर दोष डिस्कचा नाही, जुन्या ड्रायव्हरचा किंवा कंट्रोलरचा समजा. ५०० ची ४६५ दिसणं मात्र फसवणूक नव्हे. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

डिस्क क्लोन केली (जुनीची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवली) आणि सुरू करताच निळा पडदा, त्यावर ०x००००००७बी? बायोसमध्ये साटा डिस्कशी बोलायचा मोड आयडीईवरून एएचसीआय या नव्या मोडवर गेलाय का ते आधी बघा. पूर्वीचा मोड परत लावला की बहुधा गाडी रुळावर येते. विंडोज पुन्हा टाकायची घाई नको.

लॅपटॉपमध्ये जाडीही मोजा. ७ मिमीच्या खणात ९.५ मिमीची डिस्क बसत नाही. उलट असेल तर उरलेली जागा भरणारी पट्टी लावून भागतं. साटाचा लॅपटॉप असेल तर माझ्या मते २.५ इंची एसएसडीच घ्यावी. जुन्या बोर्डावर तिचा पूर्ण वेग मिळणार नाही, पण फाइल शोधायला फिरती तबकडी नसल्याने फरक लगेच जाणवतो.

आयडीई डिस्क आता नव्या बनत नाहीत. ‘नवी’ म्हणून समोर आलेली बहुधा वापरलेली, पुसून ठेवलेली असते. दुकानदाराला तिथेच क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम चालवायला सांगा आणि चाललेले तास व बदललेले सेक्टर (खराब झाल्याने डिस्कने बाजूला काढलेले तुकडे) बघा. सेक्टरचा आकडा वाढलेला असेल तर ती डिस्क स्वस्तातही घेऊ नका.