इमॅजिकाला मुक्कामी जाताय? हॉटेल ठरवताना या चुका टाळा

मे महिन्याची सुट्टी लागली की मला व्हॉट्सॲपवर हॉटेलांचे स्क्रीनशॉट यायला लागतात. एकाखाली एक दर, आणि शेवटी प्रश्न: "ताई, आतलं घेऊ की बाहेरचं?" मुलं केवढी आहेत, आजी-आजोबा बरोबर आहेत का, निघणार कुठून, गाडी स्वतःची की भाड्याची, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. शिवाय उत्तर पाच मिनिटांत हवं असतं, कारण "ऑफर आज रात्रीपर्यंतच आहे". ऑफर पुढच्या आठवड्यातही असते, पण ते जाऊ दे.

खोपोलीजवळचं इमॅजिका हे थीम पार्क २०१३ साली सुरू झालं. आता शेजारी वॉटर पार्क आहे आणि लागूनच नोवोटेल. म्हणजे मुक्कामाचे पर्याय तीन: आवारातलं नोवोटेल, खोपोलीतली आणि पाली रस्त्यावरची साधी हॉटेलं, नाहीतर लोणावळा-खंडाळा. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते तिसऱ्याबद्दल.

लोणावळ्यात राहून इमॅजिका करणं

"लोणावळा जवळच आहे ना, तिथेच राहू, धबधबेही होतील." हे इतक्या जणांकडून ऐकलंय की हल्ली वाक्य पुरं व्हायच्या आतच मी नको म्हणते. नकाशावर जवळ आहे, कबूल. पण इमॅजिका घाटाच्या पायथ्याशी आणि लोणावळा घाटमाथ्यावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर. मध्ये अख्खा बोरघाट. मुंबई-ठाण्याहून येणाऱ्याला तर इमॅजिकाचा फाटा घाटाच्या आधीच लागतो. तो मागे टाकून घाट चढायचा, झोपायचं, सकाळी उतरायचं, दिवसभर दमून संध्याकाळी पुन्हा चढायचं, आणि दुसऱ्या दिवशी घरी जायला परत उतरायचं. कशासाठी?

माझ्या मावसभावाने काही वर्षांपूर्वी हेच केलं. डोंबिवलीची मंडळी. बरोबर गुडघे दुखणारी मावशी आणि तीन वर्षांची मुलगी. जुलैतला शनिवार. लोणावळ्यात बंगला घेतला होता, कारण पूल होता आणि माणशी स्वस्त पडत होता. त्या दिवशी अर्धी मुंबई भुशी डॅमला निघते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण सगळे चढणार आणि आपण उतरणार, मग आपल्याला काय, असा त्याचा हिशेब. सकाळपुरता तो बरोबर निघालाही.

दुपारी दोनला पोरगी पेंगायला लागली. झोपवायचं कुठे? खोली घाटावर. ती आईच्या खांद्यावर झोपली आणि आईची सहल तिथेच संपली. मावशी या बाकावरून त्या बाकावर, सावली सरकेल तशी. संध्याकाळी बाहेर पडले तर घाटात एक कंटेनर बंद पडलेला. वर पाऊस, धुकं, गाड्या एकाला एक चिकटून उभ्या. वळणांवर पोरगी ओकली. बंगल्यावर पोचेपर्यंत अकरा वाजून गेले होते आणि स्वयंपाकी जेवण झाकून ठेवून निघून गेला होता. ज्या पूलसाठी बंगला घेतला त्यात कुणी पाय बुडवला नाही. दुसऱ्या दिवशी मावशी मला फोनवर म्हणाली, "अगं, बाकावरच बसायचं तर डोंबिवलीत बाग आहे की!"

त्यामुळे माझी पद्धत ठरलेली आहे. मी दर बघायच्या आधी नकाशा उघडते आणि उद्यानाचं फाटक ते झोपायची गादी यांच्यामध्ये घाट येतोय का तेवढं बघते. येत असेल तर दर फुकट असला तरी नको. लोणावळा करायचंच असेल तर वेगळा दिवस काढा. पुणेकरांना परतीच्या रात्री तिथे थांबता येतं, वाटेवरच आहे. पण आणखी दीड तासात स्वतःच्या घरी झोपायचं सोडून तिथे का थांबायचं, हे मला कधी कळलेलं नाही.

आवारातलं हॉटेल घेऊन त्याचा उपयोगच न करणं

ही चूक पैसेवाल्यांची. जवळ असण्याचे पैसे मोजायचे, आणि सकाळी उद्यानात शिरलं की बंद होईपर्यंत बाहेर पडायचं नाही. मग ती खोली जवळ असून फायदा काय? आवारातल्या हॉटेलचा खरा उपयोग दुपारी होतो. जेवून लहानांना दोन तास आडवं करायचं, आजोबांनी पंख्याखाली पाय पसरायचे, मोठ्या मुलांबरोबर एकाने आत राहायचं, आणि उन्हं उतरल्यावर सगळ्यांनी पुन्हा एकत्र यायचं. हे करणार नसाल तर त्या खोलीचे जादा पैसे घालवू नका.

पण बुकिंगच्या आधी एक प्रश्न फोन करून विचारायचाच: एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत घेतात का, आणि त्यासाठी हातावर शिक्का लागतो की पट्टा? हे नियम बदलत असतात. मागच्या वर्षी कुणाच्या मेहुण्याला सोडलं होतं, यावर विसंबू नका. परत घेणार नसतील तर दुपारच्या झोपेचा बेत कागदावरच राहील.

दुसरं, चेक-इन दुपारचं असतं. लोक सकाळी आठला सामानासकट दारात उभे राहतात आणि खोली तयार नाही म्हणून रिसेप्शनवरच्या पोरावर चिडतात. त्याचा काय दोष? मी आदल्या दिवशी दुपारीच पोचते. त्या संध्याकाळी उद्यानाचं नाव काढायचं नाही, मुलांना हॉटेलच्या पूलमध्ये सोडायचं, लवकर जेवायचं. दुसऱ्या दिवशी फाटक उघडताना आपण नाश्ता करून ताजेतवाने, आणि बाकीचे अजून एक्स्प्रेसवेवर.

वॉटर पार्क आणि थीम पार्क दोन्ही करायचं असेल तर मात्र आवारातलं हॉटेल पैसे वसूल करून देतं. दोन्हींची तिकिटं वेगळी आहेत. एका दिवसात दोन्ही उरकणाऱ्यांना मी काही समजवायला जात नाही, संध्याकाळी त्यांचे चेहरेच सांगतात. पहिला दिवस पाण्याचा, मध्ये रात्र, ओले कपडे बाथरूममध्ये टांगलेले, दुसरा दिवस राइडचा. पाण्यात सुती कपड्यांनी उतरू देत नाहीत, पोहण्याचे कपडे घरूनच न्या.

आणि मुलं दहाच्या वरची असतील, बरोबर म्हातारं माणूस नसेल, तर मुंबई-पुण्याहून हॉटेल कशाला घेताय? पहाटे निघा, रात्री घरी या.

सात हजार पाचशेची रेघ न बघणं

साइटवर मोठ्या अक्षरात दिसतो तो दर बहुतेक वेळा कराआधीचा असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, आणि त्याच्या वर गेलं की पूर्ण भाड्यावर १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दिसताना फरक २०० रुपयांचा, खिशातून जातात १,१९८. दोन खोल्या घेतल्या तर दुप्पट. आतलं की बाहेरचं या वादात ही रेघ कुणी बघतच नाही. वर जादा गादी, मुलांचा नाश्ता, आणि "पॅकेज"मध्ये उद्यानाची तिकिटं खरोखर धरली आहेत का, हे सगळं विचारून मगच दोन दर शेजारी ठेवा.

नावात "इमॅजिका" बघून फसणं

"इमॅजिकाजवळ" म्हणणारी हॉटेलं कर्जतपासून खंडाळ्यापर्यंत कुठेही निघतात. हॉटेलने सांगितलेलं अंतर सोडा, शनिवारी संध्याकाळच्या वेळेला रस्ता किती मिनिटांचा दाखवतो ते बघा.

परतीच्या गाडीचं "बघू तिथे"

गाडी नसेल तर बाहेरचं हॉटेल नकोच. उद्यान बंद होतं तेव्हा सगळे एकदमच बाहेर पडतात आणि ॲपवर गाडी शोधत बसतात. खोपोलीची लोकलही दर दहा मिनिटांनी नसते. ज्या रिक्षाने सकाळी याल, त्याचाच नंबर घेऊन ठेवा.

इथला नियम परदेशात लावणं

इमॅजिकाच्या अनुभवावर पॅरिसच्या डिस्नेलँडचं हॉटेल ठरवणारेही भेटतात. तिथला हिशेब वेगळा. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात राहणाऱ्यांना उद्यान इतरांआधी उघडतं आणि सकाळचा तो वेळ मोलाचा असतो. पण घाट नाही, आणि आगगाडी फाटकापाशीच येते. आरईआर ए या पॅरिसच्या लोकल रेल्वेमार्गावर शेवटचं स्टेशन उद्यानाचं, त्याच्या आधीचं व्हाल द'युरोप. तिथे स्वयंपाकघर असलेल्या खोल्या मिळतात आणि मोठं दुकानही आहे. घरात कुणी शुद्ध शाकाहारी असेल आणि मुलं दुसऱ्याच दिवशी वरण-भात मागणारी असतील, तर मी तिथे डोळे मिटून बाहेर राहीन. मध्य पॅरिसमधून रोज ये-जा मात्र करू नका, एका बाजूलाच ४० मिनिटं जातात.

जाता जाता अष्टविनायक उरकणं

महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर दोन्ही याच पट्ट्यात आहेत, त्यामुळे मोठी माणसं बरोबर असली की हा आग्रह होतोच. मुक्काम असेल तर जरूर करा, पण निघायच्या दिवशी सकाळी, खोली सोडल्यावर. आणि तारीख ठरवताना कालनिर्णय बघा. त्या दिवशी अंगारकी असेल तर पालीचा रस्ता आणि तुमचा रस्ता एकच आहे.