तुळशीच्या लग्नानंतर आणा बटेराची पिल्ले : मुंबईतील घरगुती बटेरपालनासाठी हंगामी सल्ला

मुंबई आणि उपनगरांत ज्यांच्याकडे स्वतःची गच्ची, परसू किंवा गोराई-मनोरीसारख्या गावठाणातल्या घराची मागची पडवी आहे, त्यांना वीस-पंचवीस जपानी बटेर पाळायला सुरुवात करण्यासाठी वर्षातील सर्वांत सोयीचा काळ तुळशीच्या लग्नानंतर येतो. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे पिल्लांखालची गादी वाळत नाही आणि खाद्याला बुरशी येते, तर ऑक्टोबरचा उकाडा पिल्लांना आणि पाळणाऱ्यालाही दमवतो. दसऱ्याच्या मुहूर्तावर पिल्ले आणण्याची हौस अनेकांना असते, परंतु ती पिल्ले दिवाळीत बरोबर तीन आठवड्यांची होतात. दचकले की सरळ वर झेप घेण्याची बटेराची उपजत खोड याच वयात उघड होते. पिंजऱ्याजवळ एक सुतळी बॉम्ब फुटला तरी दोन-चार पक्षी छताला डोके आपटून जायबंदी होतात. म्हणून दिवाळी उलटू द्यावी आणि मगच पिल्ले आणावीत.

एक दिवसाचे पिल्लू साधारण सहा ते सात आठवड्यांत अंड्यावर येते. नोव्हेंबरच्या मध्यास आणलेली पिल्ले या हिशेबाने डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीला अंडी देऊ लागतील. मुंबईत दिवस सर्वांत लहान असतो तो नेमका याच सुमारास. त्यामुळे इथल्या पालनाचे यश दोन गोष्टींवर ठरते: सुरुवातीची कृत्रिम ऊब वेळेवर कमी करणे आणि शेवटी प्रकाश वेळेवर वाढवणे. थंड प्रदेशांसाठी लिहिलेली वेळापत्रके जशीच्या तशी वापरली, तर ऊब गरजेपेक्षा जास्त दिली जाते आणि प्रकाश वाढवणे राहून जाते.

पिल्ले घेताना ती पाळीव जपानी जातीचीच आहेत याची खात्री करावी आणि पावती जपून ठेवावी. आपल्या माळरानांवर दिसणारे रानटी बटेर, म्हणजेच लावे, पकडणे, विकणे किंवा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. जपानी बटेर भारतात १९७४ साली अमेरिकेतील कॅलिफोर्नियातून आणले गेले आणि बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने पुढे त्यांच्या सुधारित जाती विकसित केल्या. या पाळीव जातीतील मादीची खुडूक बसण्याची वृत्ती जवळजवळ नाहीशी झालेली आहे, त्यामुळे घरी अंडी उबवायची तर यंत्रच लागते आणि त्याला सतरा-अठरा दिवस जातात. पहिल्या खेपेस त्या फंदात न पडता भरवशाच्या हॅचरीतून एका दिवसाची पिल्ले आणणे उत्तम. अनेक जातींचे पक्षी एकत्र कोंबलेल्या बाजारातल्या पिंजऱ्यांतून पिल्ले घेऊ नयेत, कारण स्वस्तात मिळालेल्या पिल्लांबरोबर रोगही घरी येतो. इमारतीत राहणाऱ्यांनी सोसायटीची परवानगी आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयातील नियम आधी विचारून घ्यावेत.

एका दिवसाच्या पिल्लाचे वजन अवघे सात ते दहा ग्रॅम असते आणि एवढ्याशा देहात स्वतःची उष्णता टिकत नाही. पंचवीस पिल्लांसाठी दोन फूट लांब व दीड फूट रुंद असा पुठ्ठ्याचा किंवा प्लायवूडचा खोका पहिल्या दोन आठवड्यांना पुरतो. तळाशी वर्तमानपत्र अंथरू नये. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात आणि दोन-तीन दिवसांत फाकलेले पाय पुढे क्वचितच सरळ होतात. स्वच्छ धुऊन वाळवलेले गोणपाट किंवा खडबडीत पुठ्ठा अंथरावा आणि आठवड्यानंतर भाताच्या तुसाची गादी करावी. लाकडाचा बारीक भुसा पिल्ले खाद्य समजून खातात, म्हणून तो टाळावा.

उबेसाठी एलईडी दिवा चालत नाही, कारण त्याची उष्णता नगण्य असते. तारेचा जुन्या पद्धतीचा चाळीस किंवा साठ वॉटचा दिवा, किंवा पक्ष्यांसाठी मिळणारा उष्णता देणारा दिवा खोक्याच्या एका टोकाला, पिल्लांची चोच लागणार नाही अशा उंचीवर, दोरीऐवजी साखळीने घट्ट टांगावा. कापड व पुठ्ठा त्यापासून दूर ठेवावा, कारण अशा खोक्याला आग लागायला वेळ लागत नाही. दिवा मध्यभागी न लावता टोकाला लावण्याचे कारण असे की पिल्लाला जवळ जाण्याची आणि दूर सरकण्याची अशा दोन्ही सोयी हव्यात. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ ते ३७ अंश सेल्सिअस तापमान असावे आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे तीन अंशांनी उतरवावे.

आता मुंबईचा मुद्दा. नोव्हेंबरात इथे दुपारचा पारा बहुधा ३२-३३ अंशांवर जातो, म्हणजे दुसऱ्या आठवड्यातील पिल्लाला हवी तेवढी ऊब भर दुपारी घरातल्या हवेतच असते. तेव्हाही दिवा चालू ठेवला तर पिल्ले चोच उघडून धापा टाकतात, पंख पसरतात, पाणी जास्त पितात, विष्ठा पातळ होते आणि गादी ओली होते. पुढचे निम्मे आजार त्या ओल्या गादीतून उद्भवतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दिवा दुपारी बंद आणि रात्री चालू, तिसऱ्या आठवड्यात केवळ पहाटेच्या गारव्यापुरता, आणि चौथ्या आठवड्यात उबेसाठी मुळीच नाही, असा क्रम बहुतेक घरांना लागू पडतो. मोकळ्या गच्चीवर किंवा खाडीच्या वाऱ्यावर असलेल्या घरांनी रात्रीचा दिवा काही दिवस अधिक चालवावा. तापमापी अवश्य ठेवावी, पण अंतिम निवाडा पिल्लांचा मानावा. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, कडेला पांगून धापा टाकत असतील तर उकडते आहे, सगळी एकाच कोपऱ्यात गोळा झाली असतील तर कुठून तरी वाऱ्याचा झोत येतो आहे, आणि खोकाभर सैल पसरून काही खात, काही निजलेली असतील तर ऊब नेमकी आहे.

पाण्याचे भांडे हे लहानग्या बटेराच्या मरणाचे सर्वांत साधे कारण असते. दोन सेंटीमीटर पाण्यातही पिल्लू बुडते, किंवा नुसते भिजून गारठते. उथळ झाकणात गोट्या अथवा धुतलेले खडे भरावेत आणि त्यांच्या फटींतले पाणी पिल्लांना पिऊ द्यावे. आणल्याबरोबर प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्याला लावावी, पहिल्या दिवशी पाण्यात थोडे ग्लुकोज घालावे आणि तास-दोन तासांनी खाद्य पसरावे. दहा दिवसांनंतर खडे काढता येतात.

खाद्याबाबत मात्र काटकसर करू नये. पहिले तीन आठवडे बटेराच्या पिल्लाला २४ ते २७ टक्के प्रथिने लागतात, म्हणजे कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त. बटेराचे खास खाद्य मिळाले तर प्रश्नच नाही. न मिळाल्यास सुमारे २३ टक्के प्रथिनांचे ब्रॉयलर प्री-स्टार्टर (मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या पिल्लांचे सुरुवातीचे खाद्य) नऊशे ग्रॅम आणि ४५ टक्के प्रथिनांची सोयाबीन पेंड शंभर ग्रॅम या प्रमाणात मिसळले, की मिश्रणात साधारण २५ टक्के प्रथिने येतात. दाणा चोचीला मोठा असतो, म्हणून पहिल्या आठवड्यात तो मिक्सरमधून फिरवून रव्यासारखा करावा. प्रथिनांसाठी घरातली सुकट घालण्याचा मोह कोळीवाड्यांत होतो, परंतु खारवलेल्या सुक्या मासळीतील मीठ एवढ्याशा पिल्लाला विषासारखे बाधते. चौथ्या आठवड्यापासून २० ते २२ टक्के प्रथिने पुरेशी होतात. खाद्य एका वेळी पंधरा दिवसांपुरतेच आणावे, घट्ट झाकणाच्या डब्यात जमिनीपासून उंच ठेवावे, आणि कुबट वास आला की टाकून द्यावे, कारण बुरशी धरलेल्या मक्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत निकामी करते आणि ते उन्हात वाळवून जात नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस नर-मादी ओळखू येतात. नराच्या छातीवरची पिसे एकसारखी तांबूस होतात आणि मादीच्या फिकट छातीवर काळे ठिपके उमटतात. पांढऱ्या रंगाच्या बटेरांत ही खूण उपयोगी पडत नाही आणि वयात आलेल्या नराच्या गुदद्वारावरची फेसाळ द्रव सोडणारी फुगीर ग्रंथी पाहावी लागते. खाण्याची अंडी मिळण्यासाठी नर लागत नाही. पिल्ले काढायची असतील तरच दोन-तीन माद्यांमागे एक नर ठेवावा. जास्त नर झाले की ते माद्यांची डोकी व पाठी सोलून काढतात आणि पहाटे त्यांची खणखणीत साद भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना ऐकू जाते. चाळीच्या वस्तीत तर नर न ठेवणेच शहाणपणाचे.

याच सुमारास पक्षी पिंजऱ्यात हलवावेत. एका चौरस फुटात चार पक्षी हे प्रमाण धरले, तर वीस पक्ष्यांना अडीच फूट बाय दोन फुटांचा पिंजरा होतो. त्याची उंची दहा इंचांच्या आसपास ठेवावी आणि छताला आतून मऊ जाळी किंवा कापड ताणून लावावे, म्हणजे झेप घेतलेल्या पक्ष्याला वेग येत नाही आणि डोके फुटत नाही. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीसाठी पिंजऱ्यावर हवा खेळती राहील असे कापड टाकावे आणि आत मंद दिवा राहू द्यावा. बाजूंना अर्धा इंची वेल्डेड जाळीच वापरावी. षटकोनी कोंबडजाळीतून उंदीर आत शिरतो आणि घूस तर बाहेरूनच पाय ओढून पक्षी फाडते. मुंबईत मांजरापेक्षा उंदीर-घुशींचे भय मोठे आहे, म्हणून पिंजरा भिंतीपासून सुटा आणि पायांवर उभा असावा. खालच्या ट्रेमधील विष्ठा रोज काढावी. ती कुजवून कुंड्यांना उत्तम खत होते.

प्रकाशाचे गणित थोडे सविस्तर समजून घ्यावे लागेल. पहिला आठवडा दिवा उबेसाठी रात्रंदिवस असतोच. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात मात्र पक्ष्यांना साधारण नैसर्गिक दिवसाएवढाच उजेड मिळावा. या काळात रात्री उशिरापर्यंत पिंजरा उजळलेला राहिला तर मादी शरीराने पुरती भरण्याआधीच अंड्यावर येते आणि तिची अंडनलिका बाहेर येण्याचा धोका वाढतो. बैठ्या घरात ट्यूबलाइटखाली पिंजरा ठेवणाऱ्यांनी संध्याकाळनंतर त्यावर पडदा टाकावा. सहावा आठवडा लागला की उलट दिशेने जावे. अंडी देण्यासाठी बटेर मादीला १४ ते १६ तास उजेड लागतो आणि मुंबईचा डिसेंबरातील दिवस सुमारे ११ तासांचाच असतो. दर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास या गतीने उजेड वाढवत किमान १४ तासांवर न्यावा. इथे साधा एलईडी दिवा चालतो, कारण ऊब नको असते. वाढीव उजेडातला मोठा भाग पहाटे द्यावा, म्हणजे संध्याकाळी पक्षी मावळत्या प्रकाशाबरोबर निवांत बसतात. दिवा एकदम विझला की ते अंधारात घाबरून धडपडतात. स्वस्त टायमर लावणे चांगले, कारण आज चौदा आणि उद्या अकरा तास असा अनियमितपणा काहीच न करण्यापेक्षा वाईट.

पाचव्या आठवड्याच्या अखेरीपासून लेयर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्या पक्ष्यांचे खाद्य, सुरू करावे. त्यात सुमारे २० टक्के प्रथिने आणि अडीच ते तीन टक्के कॅल्शियम असावे. त्यापूर्वी जास्त कॅल्शियम देऊ नये, वाढत्या पक्ष्याच्या मूत्रपिंडांवर त्याचा ताण पडतो. पूरक म्हणून घरी खाल्लेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, कडक वाळवून, भरड कुटून वेगळ्या वाटीत ठेवाव्यात. माद्या गरजेपुरत्या टिपतात. प्रौढ पक्षी दिवसाला २० ते २५ ग्रॅम खाद्य खातो. अंडी बहुतेक दुपारनंतर ते तिन्हीसांजेपर्यंत पडतात, म्हणून ती संध्याकाळी गोळा करावीत. पहिली काही अंडी लहान, मऊ कवचाची किंवा ठिपक्यांविना निघाली तरी घाबरू नये. पुढे अंडे दहा-बारा ग्रॅमचे होते आणि पाच अंडी मिळून कोंबडीच्या एका अंड्याएवढी भरतात.

बटेरांना घरगुती पातळीवर सहसा लसी देत नाहीत, त्यामुळे स्वच्छता हाच बचाव आहे. रक्ती हगवण आणि आतड्यांना व्रण पाडणारा जिवाणूजन्य आजार हे दोन्ही विष्ठेतून पसरतात. औषधे दुकानदाराच्या सांगण्यावरून पाण्यात मिसळू नयेत. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळचा पशुवैद्यक यांचा सल्ला घ्यावा आणि औषध चालू असताना अंडी किती दिवस खायची नाहीत हेही विचारावे. हिवाळा हा बर्ड फ्लूचाही हंगाम आहे. महाराष्ट्रात २००६ साली फेब्रुवारीत नवापूरला आणि २०२१ साली जानेवारीत परभणी जिल्ह्यात त्याचा उद्रेक झाला होता. कावळे आणि कबुतरे पिंजऱ्यावर बसणार नाहीत, त्यांची विष्ठा खाद्य-पाण्यात पडणार नाही, अशी वरून जाळी किंवा पत्रा हवा. एकाच दिवशी अनेक पक्षी अचानक मेले तर ते कचऱ्यात टाकू नयेत व हाताळू नयेत. पशुसंवर्धन विभागाला लगेच कळवावे.

नववा आठवडा संपेपर्यंत अंडे दिसले नाही, तर खाद्य बदलण्याची घाई करू नये. आधी उजेडाचे तास घड्याळ लावून मोजावेत, मग खाद्याच्या पोत्यावरील प्रथिने व कॅल्शियमचे आकडे वाचावेत, पिंजऱ्यात रात्री उंदीर फिरतो का ते पाहावे, आणि मादी समजून ठेवलेला पक्षी नर तर नाही ना, हे एकेकाला हातात घेऊन तपासावे.