गिटारचा रियाज सुटू नये म्हणून

डोंबिवलीत संध्याकाळी मी गिटार शिकवते. माझ्याकडे येणारे बहुतेक जण नोकरदार, लोकलची गर्दी झेलून आलेले. दोन महिन्यांत गिटार सोडणाऱ्यांना घरचे आळशी म्हणतात, ते मला कधीच पटलेलं नाही. हौस असतेच. ती बारीकसारीक अडचणींत खर्ची पडते आणि वाजवण्यासाठी काही उरतच नाही. म्हणून मन घट्ट करायच्या आधी अडचणी काढा.

सुरुवात गिटारपासूनच. मानेवरच्या धातूच्या आडव्या दांड्या म्हणजे फ्रेट, त्या डोक्याकडून मोजायच्या. बाराव्या फ्रेटपाशी शाळेच्या पट्टीने मोजा: सगळ्यात जाड तार फ्रेटच्या माथ्यापासून किती वर आहे? अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक. तीनच्या वर गेली असेल तर तुमची बोटं विनाकारण सोसतायत. दुरुस्तीवाल्याकडून तारा खाली करून घ्या. नवीन अकूस्टिक गिटारला बऱ्याचदा ०.०१२ चा सेट असतो (म्हणजे त्यातली सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच जाडीची), शिकताना ०.०१० किंवा ०.०११ चा लावा. आवाज जरा पातळ होतो, पण बोटं वाचतात. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत लाकूड फुगतं, तारा वर उचलल्या जातात आणि गंजतातही. जूनमध्ये सहज दबणारी कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांसाठी बोटांची ठरलेली मांडणी) ऑगस्टमध्ये जड वाटली तर स्वतःला बोल लावण्याआधी पट्टी घ्या. वाजवून झालं की सुती फडक्याने तारा पुसायच्या.

बोटांची टोकं दुखणारच. रोज थोडं वाजवलं तर साधारण महिन्याभरात कातडी घट्ट होते. रविवारी सलग दोन तास बसलात तर दुखणं तेवढं मिळतं, घट्टे पडत नाहीत. रोजची पंधरा मिनिटं त्याहून कितीतरी बरी.

गिटार बॅगेत, बॅग कपाटावर, असं असेल तर ती पंधरा मिनिटंही निघत नाहीत. स्टँडवर ठेवा, घरात लहान मूल असेल तर भिंतीवर टांगा, बाहेरच्या भिंतीवर मात्र नको, तिला ओल धरते. वेळ घड्याळाला बांधू नका, रोजच्या एखाद्या कामाला बांधा. माझ्याकडे बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू येतात, त्या कुकर लावला की गिटार घेतात. तिसरी शिट्टी झाली की उठायचं. त्यांचा रियाज माझ्या कॉलेजच्या मुलांपेक्षा नियमित आहे.

आता त्या पंधरा मिनिटांत काय करायचं? आधी ट्यूनिंग. बेसूर गिटारवर बरोबर धरलेली कॉर्डही चुकीची वाटते आणि मन उडतं. मग एकच कॉर्डबदल, एक मिनिट. ए मायनरवरून सी घ्या. तारा बारीक बाजूने मोजायच्या, सगळ्यात बारीक ती पहिली. तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, ही दोन्ही हलवायचीच नाहीत. फक्त अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्यायची. सगळा हात उचलून पुन्हा मांडणारे इथेच थकतात. मिनिटात किती बदल स्वच्छ झाले तो आकडा वहीत लिहा. आज चौदा, परवा सोळा. प्रगती कानाला उशिरा कळते, वहीत आधी दिसते.

उरलेला सगळा वेळ गाण्याला. नुसते व्यायाम वाजवून कोणी टिकत नाही, हे मी ठामपणे सांगते. दोन-तीन कॉर्डचं, तुम्हाला तोंडपाठ असलेलं गाणं घ्या. आपल्या कानात केरवा आणि दादरा लहानपणापासून मुरलेले असतात, त्याचा फायदा उठवा. दादऱ्यात 'धा धी ना, धा ती ना' म्हणत दोन्ही 'धा'वर अंगठ्याने खर्जाची तार, बाकी चार मात्रांना हलका स्ट्रोक. भावगीताची चाल लगेच अंगात येते.

एफ कॉर्डवर मात्र थांबायलाच हवं, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात. एका बोटाने सहाही तारा दाबायच्या, त्याही पहिल्या फ्रेटला. तिथे नट, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी, अगदी शेजारी असतो, त्यामुळे तार सगळ्यात ताठ लागते आणि फ्रेटमधलं अंतरही रुंद. म्हणून तिथून सुरुवातच करू नका. हाच आकार पाचव्या फ्रेटवर धरा, तो ए मेजर होतो. तर्जनी सपाट न ठेवता किंचित अंगठ्याच्या बाजूला कलती करा, म्हणजे तिची हाडाची कड तारांवर येते, आणि अंगठा मानेच्या मागे साधारण मध्यावर. इथे सहाही तारा वाजल्या की एकेक फ्रेट नटकडे सरका. घाई करू नका. तोवर गाण्यात एफ आला तर पहिली तार मोकळी सोडून तीन बोटांचा एफ मेजर सेव्हन धरा, नाहीतर पाचव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून सीचा आकार वाजवा. यात कमीपणा काही नाही, गाणं चालू राहणं महत्त्वाचं.

पुढे एखादी तारीख हवी. आमच्याकडे ती आयतीच असते, गणपती. घरच्या आरतीला साथ करायची म्हटलं की जुलैपासून मंडळी न सांगता बसतात. बऱ्याच आरत्या मोजक्या कॉर्डमध्ये बसतात, आणि टाळांच्या गजरात एखादा बदल हुकला तरी आरती थांबत नाही. पहिल्यांदा लोकांसमोर वाजवायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

आजारपण, परीक्षा, ऑफिसचं वर्षअखेर, यात खंड पडतोच. परत बसताना सोडलं तिथून उचलू नका. बोटं मऊ झालेली असतात, तारांवर गंज चढलेला असतो. आधी नव्या तारा चढवा, त्या ताणून पुन्हा सुरात आणा, आणि पहिल्या दिवशी फक्त येत असलेलं सगळ्यात सोपं गाणं वाजवा. वही दुसऱ्या दिवशी उघडा, नव्या पानावर.