कोल्हापुरात घराची बाग आखताना

बाग कोणत्या शैलीची असावी हा प्रश्न बहुतेक घरांत छायाचित्रे पाहून सोडवला जातो आणि मग पहिल्याच पावसाळ्यात निम्मी रोपे मुळाशी कुजतात. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर या काळात पावसाची झोड असते आणि मार्चपासून मेपर्यंत तीच जमीन तापून भेगाळते, त्यामुळे शैलीचा विचार पाणी आणि ऊन पाहून झाल्यावरच करावा.

आधी मातीकडे पाहावे. पंचगंगेच्या काठची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. पश्चिमेकडे पन्हाळा आणि राधानगरीच्या बाजूला जांभ्याची तांबडी माती लागते. नव्या वसाहतींत मात्र बहुधा मुरुमाचा आणि बांधकामाच्या राडारोड्याचा भराव असतो. आपल्या जमिनीतून पाणी किती वेगाने उतरते हे पाहण्यासाठी फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा आणि वेळ मोजावा. दुसऱ्या वेळचे पाणी चार तासांनंतरही उभे असेल, तर तेथे सपाट वाफे करण्याचा विचार सोडून द्यावा आणि नऊ ते बारा इंच उंचीचे गादीवाफे करावेत. त्यांची रुंदी तीन फुटांपेक्षा अधिक नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि माती पायाखाली तुडवली जात नाही.

उन्हाची गोष्ट थोडी अनपेक्षित आहे. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या आरंभी दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या दरम्यान तो मध्यान्ही किंचित उत्तरेकडे असतो. उलट डिसेंबरात तो दक्षिणेकडे इतका कलतो की दहा फूट उंचीच्या भिंतीची सावली भर दुपारी उत्तरेस सुमारे साडेआठ फूट पसरते. म्हणून मे महिन्यात एखादी जागा उन्हाची वाटली, तरी तेथे हिवाळ्यातील शेवंती किंवा टोमॅटो लावण्यापूर्वी ती जागा डिसेंबरातही पाहिलेली असावी. गुलाब, मोगरा आणि बहुतेक फळभाज्यांना रोज सहा तास ऊन लागते. अळू, गवती चहा आणि नेचे यांना अर्धवट सावलीत चालते.

आता शैली. युरोपातील औपचारिक बागेत समरूप वाफे आणि काटेकोर कापलेली कुंपणे असतात. व्हर्सायची बाग हे तिचे प्रसिद्ध रूप आहे. ही शैली घरी आणायची तर दर पंधरवड्याला छाटणी करण्याची तयारी हवी, कारण आपल्या पावसाळ्यात मेंदीचे कुंपण फार झपाट्याने वाढते. इराणी परंपरेतून आलेली चारबाग, म्हणजे मध्ये पाणी आणि त्याभोवती चार समान भाग, छोट्या अंगणातही शोभते. मध्यभागी हौदाऐवजी तुळशी वृंदावन ठेवले तरी तिची मांडणी बिघडत नाही. जपानी कोरड्या बागेतील रेतीवरचे रेषांकन मात्र आपल्या मुसळधार पावसात टिकत नाही, म्हणून तिच्यातील दगडांची विषम संख्येची मांडणी आणि मोकळ्या जागेचा संयम एवढेच घ्यावे. हिरवळीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: उन्हाळ्यात तिला जेवढे पाणी लागते, तेवढ्यात सबंध परडे जगते.

माझी निवड जुन्या वाड्यांच्या मागे असणाऱ्या परड्याचीच आहे, कारण त्यात सौंदर्य आणि उपयोग यांची फारकत नसते. कढीपत्ता, लिंबू, शेवगा, जास्वंद, तगर, पारिजातक आणि सोनचाफा ही झाडे उंचीप्रमाणे उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरती लावली, तर हिवाळ्यात कोणाचीही सावली दुसऱ्यावर पडत नाही. शेवगा भिंतीपासून दूर ठेवावा. त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि वादळी वाऱ्यात फांद्या मोडतात. पाणी सर्वांत जास्त साचणाऱ्या कोपऱ्यात कर्दळ आणि अळू लावावेत. वाटा अडीच फूट रुंद ठेवून त्यांना घरापासून दूर जाणारा हलका उतार द्यावा, म्हणजे पावसाळ्यात त्याच चरांचे काम करतात.

लागवडीत एक चूक फार घरांत दिसते. काळ्या मातीत दोन फुटांचा खड्डा घेऊन तो निव्वळ भुसभुशीत खत-मातीने भरला, तर भोवतालचे पाणी त्या खड्ड्यात उतरून साठते आणि मुळे गुदमरतात. तळाशी घातलेल्या विटांच्या तुकड्यांनीही हे टळत नाही. त्यापेक्षा खणलेल्या मातीतच एक तृतीयांश कुजलेले शेणखत मिसळावे आणि रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंचवट्यावर लावावे. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून तापू द्यावेत. लागवड मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करावी.

आच्छादनासाठी आपल्या जिल्ह्याइतकी सोय क्वचितच कोठे असेल, कारण उसाचे पाचट हवे तेवढे मिळते. जानेवारीनंतर झाडांच्या आळ्यांत तीन इंचांचा थर पसरावा, पण खोडापासून चार बोटे अंतर सोडावे आणि वाळवीवर लक्ष ठेवावे. पाणी रोज वरवर शिंपडण्याऐवजी आठवड्यातून दोनदा सकाळी भरपूर द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. कुंड्यांना हा नियम लागू नाही. उन्हाळ्यात त्यांना रोजच पाणी लागते.

काळ्या चुनखडीयुक्त मातीत गुलाब आणि एक्झोरा यांची कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण असून अधिक पाणी दिल्याने ते वाढतेच. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारावे. जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण आधी पाण्याच्या धारेने धुवून काढावा, मग लिटरला पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि किंचित साबण मिसळून आठवड्याच्या अंतराने फवारणी करावी.

दसरा-दिवाळीच्या झेंडूचे रोप जून-जुलैतच टाकावे लागते, गुलाबाची छाटणी पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरात करावी, आणि मोगऱ्याचे पाणी डिसेंबरात कमी करून जानेवारीत त्याची छाटणी करावी व त्याला शेणखत द्यावे, म्हणजे उन्हाळाभर कळ्या येत राहतात.