दुसरी सही कधी झाली?

रुग्णसुरक्षेच्या संशोधनात मी आले तेव्हा आकडेमोड पक्की असली की भागलं, असं मला वाटायचं. पहिलं काम मिळालं ते जोखमीच्या औषधांच्या डबल चेकचं. इन्सुलिन, हेपॅरिन असं काही देण्याआधी दोन नर्सनी स्वतंत्रपणे तपासायचं आणि दोघींनी सही करायची, असा त्या रुग्णालयाचा नियम. मी तीन महिन्यांचे कागद चाळले. जवळजवळ प्रत्येक नोंदीपुढे दोन सह्या. नियम पाळला जातो, असं लिहूनही टाकलं.

मग एक रात्र वॉर्डात बसले. ड्यूटीवर सिस्टर एकटीच. तिने इन्सुलिन भरलं, सिरिंज दिव्यासमोर धरून रेघ पुन्हा पाहिली, इंजेक्शन दिलं, सही केली आणि शेजारचा रकाना मोकळा सोडला. सकाळी हॅन्डओव्हरला दिवसपाळीच्या सिस्टरने ते मोकळे रकाने ओळीने भरले. लबाडी कुणाचीच नव्हती. रात्री माणूसच एक, तर दुसरी सही आणायची कुठून? माझा तक्ता मात्र साफ चुकला होता.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी सांख्यिकीच्या आधी निरीक्षण शिकायला सांगते. कोपऱ्यात कुणाच्या पायात न येता उभं राहणं, वेळेसकट टिपण काढणं, आपण पाहतोय म्हणून लोक वेगळं वागतात हे धरून चालणं, यात महिने जातात. आणि एक गोष्ट परवानगीच्या अर्जातच लिहून ठेवा: डोळ्यांदेखत चुकीचा डोस जाताना दिसला तर काय करणार? उत्तर एकच आहे, थांबवायचं. निरीक्षण बिघडलं तरी चालेल.

कागद आणि काम यांतली ही फट मोठ्या अभ्यासांनाही चुकलेली नाही. शस्त्रक्रियेच्या सुरक्षा चेकलिस्टचा आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत अभ्यास झाला. 2009 साली निष्कर्ष आले, तेव्हा मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलेलं दिसलं. पुढे कॅनडातल्या ऑन्टारियोत 101 रुग्णालयांत चेकलिस्ट लागू झाली. 2014 च्या अहवालात मृत्यूदरात म्हणावा असा फरक दिसला नाही, आणि यादी वापरतो असं तर बहुतेक रुग्णालयांनी कळवलं होतं. हे दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचा. यादीवर खूण होणं आणि यादी वापरली जाणं यांत किती अंतर असू शकतं, हा विचार तिथे टाळताच येत नाही.

आकडेमोड लागतेच, पण छेद कोणता घेतला, म्हणजे कशाला भागलं, हे आधी पाहा. सेंट्रल लाईनचे, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचे, संसर्ग दर हजार लाईन-दिवसांमागे मोजतात (एका रुग्णाला एक दिवस नळी, म्हणजे एक लाईन-दिवस), नुसते मोजून चालत नाही. घटनांचे रिपोर्ट जास्त येणारा वॉर्ड धोकादायकच असतो असंही नाही. बहुतेक घटनांचे रिपोर्ट होतच नाहीत. जिथे होतात तिथे बोलायची भीती कमी असू शकते.

केसपेपर तपासणं हे वेगळंच कौशल्य. न्यूयॉर्क राज्यातल्या 1984 सालच्या तीस हजारांवर नोंदी तपासून 3.7 टक्के रुग्णांना उपचारांमुळे इजा झाल्याचं निघालं, तो हार्वर्डचा अभ्यास या क्षेत्राचा पायाच आहे. पण तेच कागद दोघांना वेगवेगळे तपासायला द्या, मतं फुटतात. माझं आणि सहकाऱ्याचं पहिल्या वीस केसपेपरांतच इतकं बिनसलं की ‘इजा’ची व्याख्या पुन्हा लिहावी लागली. रुग्ण दगावला हे माहीत असलं की आधीची प्रत्येक कृती चूक वाटू लागते, हेही तिथेच उमगलं.

सगळ्यांत अवघड मुलाखत. जिच्या हातून चूक झाली ती नर्स समोर बसते तेव्हा तीही जखमी असते. ‘असं का केलंत?’ विचारलं की ती सफाई देऊ लागते. ‘त्या क्षणी तुमच्यासमोर काय काय चाललं होतं?’ विचारलं की फोन, शेजारच्या खाटेवरची उलटी, सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या, सगळं बाहेर येतं. मग गप्प बसायचं. मला हे अजून नीट जमत नाही.

डबल चेकचं काम आम्ही पुन्हा केलं. या वेळी प्रत्येक सहीशेजारी वेळेचा रकाना घातला. रात्रीच्या कितीतरी नोंदींत दुसऱ्या सहीची वेळ सकाळची निघाली. इन्चार्ज सिस्टरनी ते कागद मागून घेतले आणि रात्रपाळीला आणखी एक नर्स द्या, म्हणून वरच्यांसमोर ठेवले.